तीन एक्स्चेंज, एक भरलेला पोर्ट: आत येणारी वाहतूक कशी वळवायची?

(नेटवर्क चालवणाऱ्यांची चर्चा; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणलोट

चर्चेसाठी मांडणी अशी धरा. एक एएस (स्वतःचा क्रमांक असलेलं एका संस्थेचं नेटवर्क), तीन इंटरनेट एक्स्चेंजवर (जिथे नेटवर्कं आपसात थेट वाहतूक देतात-घेतात) पोर्ट. अ आणि ब इथे प्रत्येकी १०० जी (गिगाबिट प्रति सेकंद). क इथे १० जी, तोही दूरचा, म्हणजे मधल्या एका वाहतूकदाराच्या व्हीलॅनवरून (आभासी जोडणीवरून) पोचणारा. शिवाय दोन ट्रान्झिट (उरलेल्या इंटरनेटपर्यंतची विकतची जोडणी), प्रत्येकी ४० जी. ग्राहक बहुतेक घरगुती, त्यामुळे आत येणारी वाहतूक बाहेर जाणारीच्या कितीतरी पट.

संध्याकाळच्या गर्दीत आत येणारे आकडे: अ वर ९२ जी, ब वर १७, क वर ३, दोन्ही ट्रान्झिटवर १२-१२. अ वरच्या जाहिरातींवर (आपल्या पत्त्यांकडे यायची वाट कळवणाऱ्या संदेशांवर) स्वतःचा एएस क्रमांक तीन वेळा प्रीपेंड केला, म्हणजे वाट लांब दिसावी म्हणून पुन्हा पुन्हा जोडला. अ ८८ वर आला, ब २१ वर गेला आणि तिथेच थांबला. अजून दोन प्रीपेंड वाढवले तरी फरक शून्य.

प्रश्न दोन. प्रीपेंड लावून इतकं कमी का सरकलं? आणि पुढे कुठल्या क्रमाने हात घालायचा?

दिशादर्शक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बीजीपीच्या (नेटवर्कांमध्ये मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) निवडीच्या क्रमातच आहे. समोरचा राउटर आधी लोकल प्रेफरन्स (त्याच्या नेटवर्कने त्या मार्गाला स्वतः दिलेली पसंती) बघतो. तो समान निघाला तरच एएस पाथची (वाटेतल्या एएस क्रमांकांच्या यादीची) लांबी, मग ओरिजिन (मार्ग मुळात कसा आला), मग एमईडी (शेजाऱ्याने सुचवलेला आकडा, लहान तो बरा), मग बाहेरून आलेला मार्ग आतून आलेल्यापेक्षा बरा, मग नेक्स्ट हॉपपर्यंतचं (पुढच्या राउटरपर्यंतचं) आयजीपीचं (नेटवर्कच्या आतल्या राउटिंगचं) अंतर. प्रीपेंड दुसऱ्या पायरीवर काम करतो. पहिल्या पायरीवरच निकाल लागला असेल तर तीन काय, तीस प्रीपेंड लावा, काही हलणार नाही.

जास्त वाहतूक पाठवणाऱ्या नेटवर्कांच्या बाबतीत निकाल पहिल्याच पायरीवर लागायची कारणं ही:

ते नेटवर्क फक्त अ वर आहे. त्याच्यापुढे दुसरा पर्याय ट्रान्झिटचा, आणि ट्रान्झिटला कुणीही पीअरपेक्षा (थेट वाहतूक देणाऱ्या-घेणाऱ्या नेटवर्कपेक्षा) कमी लोकल प्रेफरन्स देतो.

किंवा ते दोन्हीकडे आहे, पण अ वर तुमच्याशी थेट सेशन (बीजीपीची जोडणी) आहे आणि ब वर फक्त राउट सर्व्हरमार्फत (सदस्यांचे मार्ग एकमेकांना पोचवणाऱ्या एक्स्चेंजच्या सर्व्हरमार्फत). थेट सेशनला राउट सर्व्हरपेक्षा जास्त प्रेफरन्स देण्याची पद्धत सर्रास आहे.

किंवा त्यांच्या अ जवळच्या आणि ब जवळच्या सर्व्हरांमध्ये स्वतःचं बॅकबोनच (ठिकाणं जोडणारं मुख्य जाळं) नाही. प्रत्येक बेट आपापल्या दारातून बाहेर पडतं. कुठल्या बेटावरून तुमच्या ग्राहकाला उत्तर जाईल हे डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था) ठरवतं, बीजीपी नाही.

किंवा बाहेर पडायची वाट त्यांचं सॉफ्टवेअर ठरवतं. गूगलने एस्प्रेसो आणि फेसबुकने एज फॅब्रिक या आपल्या व्यवस्थांची माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्हींमध्ये पोर्ट किती भरलाय हे बघून बीजीपीच्या निवडीवर वरून निर्णय लादला जातो. अशा ठिकाणी तुमचा प्रीपेंड फार तर एक इशारा ठरतो.

जे ४ जी सरकले ते लहान पीअरचे असणार, ज्यांनी दोन्ही एक्स्चेंजना समान प्रेफरन्स दिलाय.

एक साधी गोष्ट आधी तपासा. प्रीपेंडची पॉलिसी नेमक्या किती सेशनांवर बसली? राउट सर्व्हर, थेट पीअर, आयपीव्ही४, आयपीव्ही६ असे चार कप्पे पाडून मोजा.

मापनवही

क्रम विचारलात म्हणून: सर्वात आधी मोजणी. कोण किती पाठवतंय हे कळल्याशिवाय पॉलिसीला हात लावू नका.

एसफ्लो किंवा आयपीफिक्स (वाहतुकीचे नमुने, म्हणजे फ्लो, नोंदवायच्या पद्धती) दर २००० पाकिटांमागे १ या हिशोबाने १०० जीच्या पोर्टवर पुरेसं असतं. अचूकता सॅम्पलच्या दरावर कमी आणि हाती आलेल्या सॅम्पलच्या संख्येवर जास्त अवलंबून असते. ढोबळ सूत्र: टक्केवारीतली चूक १९६ भागिले सॅम्पल संख्येचं वर्गमूळ. एखाद्या पीअरची १०० सॅम्पल आली तर चूक २० टक्क्यांच्या आसपास, १०,००० आली तर २. म्हणून लहान पीअरसाठी पाच मिनिटांचा नाही, सबंध संध्याकाळचा हिशोब घ्या.

आता जिथे बहुतेक जण फसतात ती जागा. फ्लोमधला 'पीअर एएस' हा रकाना आत येणाऱ्या वाहतुकीसाठी विश्वासाचा नाही. राउटर तो रकाना स्रोताचा पत्ता आपल्याच राउटिंग टेबलमध्ये शोधून भरतो. म्हणजे 'या पत्त्याकडे मी कुणामार्फत पाठवेन' याचं उत्तर तिथे येतं. आपल्याला हवं असतं 'हे पाकीट कुणी आणून दिलं'. येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या असल्या की हा रकाना सपशेल चुकतो. एक्स्चेंजच्या पोर्टवर खरं उत्तर पाकिटाच्या स्रोत मॅक पत्त्यात (हार्डवेअरच्या पत्त्यात) असतं. पीअरिंग लॅनवर (एक्स्चेंजच्या सामायिक जाळ्यावर) प्रत्येक सदस्याच्या राउटरचा मॅक वेगळा असतो. एआरपी आणि नेबर डिस्कव्हरीच्या टेबलवरून मॅक ते आयपी, आणि आयपीवरून पीअरिंगडीबीमध्ये (नेटवर्कांच्या पीअरिंगच्या माहितीच्या सार्वजनिक यादीत) एएस, अशी जोडणी रोज आपोआप ताजी होऊ द्या. आयपीफिक्स वापरत असाल तर मॅकचं फील्ड टेम्पलेटमध्ये मुद्दाम घालावं लागतं.

दुसरी फसवी जागा: अ वर पाकिटं गळतायत का हे तुमच्या राउटरवर दिसणार नाही. आत येणाऱ्या दिशेला रांग लागते ती एक्स्चेंजच्या स्विचवर, तुमच्याकडे तोंड असलेल्या पोर्टपाशी. गळती तिथल्या काउंटरमध्ये मोजली जाते. तुमच्या आलेखात फक्त ९२ जीचा सपाट माथा दिसतो. तो पाच मिनिटांच्या सरासरीचा माथा आहे, आतले एकेका सेकंदाचे झटके १०० ला केव्हाच टेकलेले असतात. एक्स्चेंजच्या पोर्टलवर टाकून दिलेल्या पाकिटांचा आकडा मिळत असेल तर तो रोज ओढून घ्या. नसेल तर त्यांच्या एनओसीला (देखरेख कक्षाला) लिहून मागा.

सांडवा

इतकं सगळं करायची गरज काय? एक /२२ प्रीफिक्स (१०२४ पत्त्यांचा गट) आहे ना, त्यातले दोन /२४ (प्रत्येकी २५६ पत्ते) फक्त ब वर जाहीर करा. सर्वात लांब जुळणी, म्हणजे सर्वात नेमका प्रीफिक्स, नेहमीच जिंकते, लोकल प्रेफरन्स मध्ये येतच नाही. पाच मिनिटांत अर्धी वाहतूक ब वर.

दिशादर्शक

सांडवा, वळते हे खरं आहे. पण काय काय वळतं त्यावर ताबा राहत नाही, म्हणून हा शेवटचा उपाय मानावा.

एक, आरपीकेआय (कुठला प्रीफिक्स कुणी जाहीर करायचा याच्या सही केलेल्या नोंदींची व्यवस्था). /२२ चा आरओए (अशी एक नोंद) कमाल लांबी २२ ठेवून केला असेल तर /२४ अवैध ठरतो आणि नीट चालवलेले राउट सर्व्हर तो फेकून देतात. मग लोक घाईने कमाल लांबी २४ करून मोकळे होतात. तसं केलं की तुम्ही जाहीर न केलेले /२४ कुणीही तुमचा एएस क्रमांक मूळ म्हणून लावून जाहीर करू शकतो आणि ते वैध ठरतात. आरएफसी ९३१९ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक, २०२२) नेमकं हेच सांगतं: जे प्रीफिक्स खरोखर जाहीर करता तेवढ्यांचेच नेमके आरओए करा.

दोन, गळती. ब वरच्या एखाद्या पीअरने तुमचे /२४ चुकून आपल्या ट्रान्झिटला दिले, तर जगभरातून त्या दोन /२४ ची वाहतूक त्याच्या अरुंद दारातून यायला लागेल. नो-एक्स्पोर्ट ('पुढे देऊ नका' सांगणारी कम्युनिटी, म्हणजे मार्गावर लावायची आकडी खूण) म्हणजे ६५५३५:६५२८१ लावून हा धोका कमी होतो, पण काही राउट सर्व्हर ही कम्युनिटी पुढे देतात आणि काही स्वतःच तिचा अर्थ लावतात. आपल्या एक्स्चेंजचं पान वाचल्याशिवाय भरवसा ठेवू नका.

तीन, आणि हे सर्वात महाग. ट्रान्झिटलाही तेच /२४ दिले, तर अ वरचा पीअर तुमच्याकडून /२२ ऐकतो आणि त्याच्या ट्रान्झिटकडून /२४. तो बिचारा फुकटची वाट सोडून विकतच्या वाटेने तुमच्याकडे येतो, आणि तुम्हीही तुमच्या ट्रान्झिटवर ती वाहतूक विकत घेता. दोघांचं नुकसान, आणि दोघांनाही कारण सापडत नाही.

करायचंच झालं तर /२२ सगळीकडे जसाच्या तसा ठेवा, म्हणजे ब पडला तरी वाट उरते. /२४ फक्त नेमक्या एका-दोन पीअरच्या थेट सेशनवर द्या आणि आधी त्यांना कळवा.

पाणलोट

मापनवहींच्या पद्धतीने तीन संध्याकाळ मोजलं. प्रीपेंड असतानाचे अ चे ८८ जी असे फुटतात:

क्ष: ३४. अ वर थेट सेशन, ब वर फक्त राउट सर्व्हर.
य: १९. फक्त अ वर.
ज्ञ: ११. प्रत्येक ठिकाणी वेगळे कॅश सर्व्हर (मजकुराच्या प्रती ठेवणारे), बॅकबोन नाही.
बाकी सगळे मिळून २४.

कप्पे पाडून तपासल्यावर प्रीपेंड फक्त आयपीव्ही४ च्या सेशनांवर बसल्याचं दिसलं. आयपीव्ही६ वर जुनीच पॉलिसी होती. क्ष च्या ३४ पैकी २१ आयपीव्ही६ वरून येतात.

दिशादर्शक

आयपीव्ही६ विसरणं ही या विषयातली सर्वात नेहमीची चूक. मोठ्या कंटेंट नेटवर्कांकडून येणारी बरीच वाहतूक आता तिथूनच असते. पॉलिसी एकाच साच्यातून दोन्हींसाठी तयार होऊ द्या, हाताने दोनदा लिहू नका.

आता एकेक.

क्ष: ब वर थेट सेशन मागा, दोन्ही आयपी आवृत्त्यांसाठी. त्यांच्याकडे दोन्हीकडचा लोकल प्रेफरन्स समान झाला की ते आपल्या जवळच्या दारातून सोडतील. त्यावर आणखी झुकवायचं असेल तर एमईडी: ब वर १०, अ वर ५०. एमईडीची तुलना एकाच शेजारी एएसकडून आलेल्या मार्गांमध्ये होते, त्यामुळे इथे तो बरोबर लागू पडतो. पण पुष्कळ नेटवर्कं आत येतानाच एमईडी पुसून शून्य करतात. म्हणून मेलमध्ये सरळ विचारा: 'आमचा एमईडी तुम्ही मानता का?' आणि दोन्ही ठिकाणी सगळे प्रीफिक्स सारखेच जाहीर करा. अर्धे इथे, अर्धे तिथे असं केलं तर त्यांना तुमची वाहतूक आपल्या बॅकबोनवरून ओढत न्यावी लागते. कित्येक पीअरिंग धोरणांत याला स्पष्ट मनाई असते.

य: अ वरच्या राउट सर्व्हरवर त्यांच्यापुरती जाहिरात बंद करणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. युरो-आयएक्सच्या (एक्स्चेंजांच्या संघटनेच्या) शिफारशीनुसार चालणाऱ्या ठिकाणी लार्ज कम्युनिटी अशी: राउट सर्व्हरचा एएस, मग ०, मग पीअरचा एएस. मधल्या ० च्या जागी १ लिहिलं तर 'याला द्या', १०१, १०२, १०३ लिहिलं तर एक, दोन, तीन प्रीपेंड. लार्ज कम्युनिटी २०१७ मध्ये आरएफसी ८०९२ ने आल्या. त्याआधीच्या साध्या कम्युनिटीत ३२ बिटांचा एएस क्रमांक मावतच नव्हता. पण य ला अ वर बंद केलं तर ते १९ जी ट्रान्झिटवर येऊन पडतील. इथे थेट खासगी जोडणीचाच विचार करा.

ज्ञ: बीजीपीने काही होणार नाही. कुठल्या प्रीफिक्सला कुठल्या कॅशवरून उत्तर द्यायचं हा त्यांचा नकाशा आहे. तुमचे डीएनएस रिझॉल्व्हर (ग्राहकांना नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर) कुठे आहेत आणि कुठल्या ग्राहकांना सेवा देतात याची यादी त्यांच्या पीअरिंग टीमला पाठवा. सगळे ग्राहक अ जवळच्या एकाच रिझॉल्व्हरमागे असतील तर त्यांच्या दृष्टीने सगळे ग्राहक अ जवळच राहतात.

आणि तो प्रीपेंड काढून टाका. त्याने होणारं काम किरकोळ आहे, आणि पुढच्या दुरुस्तीत गोंधळ मात्र वाढवेल.

रात्रपाळी

इथपर्यंत सगळी चर्चा समान वाटपाची झाली. माझ्या मते चुकीचा आकडा गाठायचा प्रयत्न चाललाय. दोन पोर्ट सारखे भरलेले दिसले म्हणजे मांडणी चांगली असं नाही. एक पूर्ण गेला तर उरलेले झेपतात का, हाच एक निकष.

आकडे मांडून बघू. प्रीपेंड काढला की अ ९२, ब १७. क्ष ने ब वर थेट सेशन घेतलं आणि ३४ पैकी २४ तिकडे गेले तर अ ६८, ब ४१. आलेख छान दिसतो.

आता ब बंद करा. क्ष चे २४ अ वर परत. ब वरच्या बाकी १७ पैकी १२ अ वर, ५ ट्रान्झिटवर, असं धरू. अ झाला ६८ अधिक २४ अधिक १२, म्हणजे १०४. पोर्ट १०० चा आहे. क्ष ला हलवण्याआधी हिशोब केला असता तरी ९२ अधिक १२, तेच १०४. वाटप सुधारलं, धोका तसूभरही कमी झाला नाही.

उलटं बघा, अ बंद. क्ष चे ३४ सगळे ब वर, ज्ञ चे ११ ब वर आले तर आले, बाकी २८ पैकी समजा १८ ब वर. ब होतो ८०, चालेल. पण य चे १९ आणि उरलेले १० ट्रान्झिटवर. दोन्ही ट्रान्झिट मिळून ८० ची जागा आहे आणि आज २४ वापरात आहे, म्हणजे बेरजेत बसतं. पण ते २९ दोन ट्रान्झिटमध्ये कसे वाटले जातील हे य आणि इतरांच्या ट्रान्झिटवर ठरतं, तुमच्यावर नाही. सगळे एकाच बाजूने आले तर १२ अधिक २९, ४१. तो पोर्ट ४० चा आहे.

म्हणून या मांडणीत सर्वात मोलाचं काम य ची खासगी जोडणी हे आहे. ती झाली की ब पडला तरी अ ८५ वर थांबतो, आणि अ पडला तर ट्रान्झिटवर २९ ऐवजी १० येतात. फक्त ती जोडणी अ चा पोर्ट ज्या राउटरवर आहे त्याच राउटरवर घेऊ नका.

ट्रान्झिटच्या बिलाची भीती थोडी कमी करण्यासाठी: ९५ व्या शतमकाचं बिल असेल तर ३० दिवसांत पाच मिनिटांचे ८६४० नमुने होतात, त्यातले वरचे ४३२ सोडून दिले जातात. म्हणजे महिन्याला ३६ तास. रोज चार तास गर्दी धरली तर नऊ संध्याकाळचं अपयश बिलात उतरत नाही.

सांडवा

हिशोब पटला. /२४ चा आग्रह मागे घेतो. एक विचारतो: अ पडतो म्हणजे नेमकं काय होतं? पोर्ट गेला तर बीजीपी लगेच पडेल ना?

रात्रपाळी

तुमची तार तुटली तर लगेच. पण एक्स्चेंजच्या आत, दोन स्विचमधलं काही गेलं तर तुमचा पोर्ट हिरवाच राहतो. पलीकडचा पीअर दिसेनासा होतो आणि बीजीपीला ते होल्ड टाइम (शेजाऱ्याकडून काही न आल्यास थांबायची मुदत) संपल्यावर कळतं. काही कंपन्यांच्या राउटरवर तो मुळात १८० सेकंद असतो, काहींवर ९०. दोघांमधला लहान आकडा लागू होतो. तेवढा वेळ त्या पीअरकडे जाणारं सगळं हवेत.

थेट सेशनवर बीएफडी (वाट चालू आहे का हे झटपट तपासणारा प्रोटोकॉल) लावून हे सुटतं. एक्स्चेंजवर ३०० मिलिसेकंद गुणिले ३ असा ताणू नका, एक्स्चेंजच्या स्विचांनी आतल्या आत वाट बदलली तरी सगळी सेशनं पडतील. १ सेकंद गुणिले ३ बरा.

राउट सर्व्हरचं दुखणं याहून खोल आहे. तुमचं सेशन राउट सर्व्हरशी, पाकिटं मात्र थेट पीअरकडे जातात. राउट सर्व्हरपर्यंत वाट चालू, पीअरपर्यंत बंद, असं झालं की मार्ग टेबलमध्ये तसाच राहतो आणि वाहतूक काळ्या विवरात. होल्ड टाइम कितीही कमी केला तरी उपयोग नाही, कारण सेशन पडलेलंच नसतं. म्हणून नियम असा ठेवा: एखाद्या पीअरशी कुठल्याही एका दिशेने १ जीच्या वर वाहतूक गेली की थेट सेशन घ्या. राउट सर्व्हर बारीक पीअरच्या लांबलचक शेपटीसाठी उत्तम. शिवाय पहिल्या पन्नास नेक्स्ट हॉपना दर काही सेकंदांनी पिंग करणारी छोटी तपासणी चालू ठेवा.

ठरवून केलेल्या दुरुस्तीसाठी सोपी वाट आहे. आपल्या जाहिरातींवर ६५५३५:० ही कम्युनिटी लावा (आरएफसी ८३२६, २०१८). ती मानणारा पीअर लोकल प्रेफरन्स शून्यावर आणतो आणि आत येणारी वाहतूक सरकते. बाहेर जाणारीसाठी त्या एक्स्चेंजवरून आलेल्या मार्गांचा लोकल प्रेफरन्स स्वतः शून्य करा. दोन्ही दिशा वेगळ्या आहेत, एक करून दुसरी विसरली जाते. दहा मिनिटं थांबा, आलेख जमिनीला टेकू द्या, मगच सेशन बंद. एक्स्चेंज स्वतः काम करणार असेल तर पीअरिंग लॅनच्या पत्त्यांमधली टीसीपी १७९ ची, म्हणजे बीजीपीची, पाकिटं आधीच अडवली जातात (आरएफसी ८३२७). सेशन पडतात, वाहतूक वाट बदलेपर्यंत चालू राहते. त्यांच्या सूचनेत हे लिहिलंय का ते बघा. नसेल तर स्वतः रिकामं करून घ्या.

मापनवही

बाहेर जाणारी वाहतूक राहिली. ती पूर्ण आपल्या हातात, म्हणून थोडक्यात. लोकल प्रेफरन्सची शिडी एकदाच ठरवा: ग्राहक ४००, खासगी जोडणी ३२०, एक्स्चेंजवरचं थेट सेशन ३००, राउट सर्व्हर २९०, ट्रान्झिट १००. अ आणि ब ला वेगवेगळे आकडे देण्याचा मोह टाळा. समान ठेवले की प्रत्येक राउटर आयजीपीच्या अंतरावरून जवळचं दार निवडतो.

अपवाद क. दूरच्या पीअरिंगचा पोर्ट राउटरला घरातलाच वाटतो, पण त्या व्हीलॅनमागे खरं अंतर दडलेलं असतं. अ आणि क दोन्हीकडे असलेला पीअर क वरून गाठला तर पाकीट लांबच लांब फिरून येतं. क च्या मार्गांना २८० द्या, म्हणजे जे फक्त क वरच आहेत तेवढेच तिथून जातील. आत येणाऱ्या दिशेला मात्र समोरचा फसतोच, म्हणून क च्या राउट सर्व्हरवर अ आणि ब वर असलेल्या पीअरना १०३ वाली कम्युनिटी लावावी. लहान पीअरपुरता इथे प्रीपेंड खरंच कामाला येतो.

राउट सर्व्हर पाथमध्ये स्वतःचा एएस घालत नाही (आरएफसी ७९४७). त्यामुळे पहिला एएस शेजाऱ्याचाच हवा ही राउटरची तपासणी त्या सेशनपुरती बंद करावी लागते, नाहीतर सेशन चालू आणि मार्ग शून्य असा प्रकार दिसतो.

सांडवा

पोर्टच्या राखणदारीबद्दल मी भर घालतो.

पीअरिंग लॅनचा प्रीफिक्स कुणालाही जाहीर करू नका, आतही नेक्स्ट हॉप स्वतःचा लावा. प्रॉक्सी एआरपी, स्पॅनिंग ट्री, एलएलडीपी आणि आयपीव्ही६ ची राउटर जाहिरात, सगळं त्या पोर्टवर बंद. प्रॉक्सी एआरपी चालू राहिला तर दुसऱ्याच्या पत्त्याला तुमचा राउटर उत्तर देतो आणि परक्याची वाहतूक तुमच्याकडे ओढली जाते. पोर्टवर एकच मॅक चालतो, म्हणून राउटरचं कार्ड बदलण्याआधी नवा मॅक एक्स्चेंजला कळवा.

कडक यूआरपीएफ (स्रोताकडे परतायची वाट त्याच पोर्टवरून नसेल तर पाकीट टाकून देणारी तपासणी) लावू नका. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असणं हेच इथे नेहमीचं आहे, खरी पाकिटं गळतील.

जास्तीत जास्त प्रीफिक्सची मर्यादा प्रत्येक सेशनवर, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ ला वेगवेगळी. पीअरिंगडीबीतला आकडा पायाला धरून वर थोडी जागा सोडा. एका पीअरने पूर्ण टेबल गळवलं तर ही मर्यादाच वाचवते.

आणि एक तपासणी महिन्यातून एकदा कराच: एक्स्चेंजच्या पोर्टवरून आत आलेल्या फ्लोमध्ये गंतव्य पत्ता तुमचा किंवा तुमच्या ग्राहकांचा नाही असं काही आहे का? असेल तर कुणीतरी तुमच्या पत्त्यावर स्थिर मार्ग टाकून तुमचं ट्रान्झिट फुकट वापरतंय. एक्स्चेंजचे पोर्ट अशा राउटरवर किंवा व्हीआरएफमध्ये (वेगळ्या राउटिंग टेबलमध्ये) ठेवले की जिथे ट्रान्झिटचे मार्गच नाहीत, तर ही वाट कायमची बंद होते.

पाणलोट

प्रीपेंड काढला. क्ष ने ब वर दोन्ही सेशनं दिली, एमईडी मानतात. गर्दीत अ ६८, ब ४१. य खासगी जोडणीला तयार आहेत, १०० जी, आणि ती ब च्या राउटरवर घेतोय. क वर २८० आणि राउट सर्व्हरची कम्युनिटी लावली.

य च्या जोडणीत भौतिक बाजूने काय काय आधी लिहून ठरवावं?

रात्रपाळी

ऑप्टिकचा (फायबर जोडायच्या मॉड्यूलचा) नेमका प्रकार. '१०० जी सिंगल मोड' एवढ्यावर थांबू नका. एलआर४ चार तरंगलांबींवर चालतो, एलआर१ एकाच. दोन्हींचा कनेक्टर एलसी, दोन्ही १० किलोमीटरचे, आणि एकमेकांशी अजिबात बोलत नाहीत. मग एफईसी (वाटेतल्या चुका दुरुस्त करायची पद्धत): दोन्ही टोकांना एकच हवी, नाहीतर प्रकाश पोचतो आणि लिंक उठत नाही. एलआर४ ला ती लागत नाही, सीडब्ल्यूडीएम४ या दुसऱ्या प्रकाराला लागते. काही राउटर मॉड्यूल ओळखून आपोआप ठरवतात, काही नाही.

आयपीव्ही४ ला /३१, आयपीव्ही६ ला /१२७, पत्ते कोण देणार ते लिहा. एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) लिहा. जोडणीच्या परवानगीपत्रात पॅच पॅनेलचा क्रमांक आणि फायबरची जोडी तपासून घ्या, पाठवण्याची आणि घेण्याची बाजू उलटी लागणं ही पहिल्या दिवशीची ठरलेली अडचण. चालू झाल्यावर दोन्ही टोकांचा मिळणारा प्रकाश नोंदवून ठेवा.

वाहतूक एकदम टाकू नका. य ला सांगा, आधी एका /२४ पुरतं सेशन, एक पूर्ण संध्याकाळ. एरर काउंटर शून्यावर राहिला की बाकीचे प्रीफिक्स. आणि अ वरचं य चं सेशन तसंच राहू द्या, कमी प्रेफरन्सने. ही जोडणी पडली तर १९ जी तिथे परत यायला हवेत, आणि अ वर आता त्यांना जागा आहे.